पावाचं टोक

"पाव गरमच आण. आणि वाटेत टोक कुरतडत बसू नकोस."

हे शब्द एका आजोबांचे. मी ते ऐकले त्यांच्या नातीच्या तोंडून, आमच्या बेकरीत, भट्टीसमोर. सांगताना तिनं आवाजही त्यांचाच काढला होता, जाडसर, थोडा नाकातला, रागावल्याचं सोंग आणलेला. मग स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं, हो आजोबा, आणते."

आजोबांनी हे सांगितलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आमच्या दुकानातून लांबट पाव घ्यायचा आणि बाजार ओलांडून घरी न्यायचा, एवढंच काम. त्याच सकाळी डोंगरातली बंदूकवाली माणसं बाजारात शिरली आणि जाताना हाताला लागतील ती पोरं घेऊन गेली. त्यांत ही गेली. तिच्याकडून त्यांनी आधी पाणी वाहून घेतलं, मग ओझी, आणि मग तिच्याही हातात बंदूक दिली. लढाई मिटून मुलं परत आली, तेव्हा ती एकोणिसाव्या वर्षात होती.

परत आलेल्या अशा मुलांसाठी आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला एक केंद्र आहे. तिथल्या बाई त्यांच्या मनाचं दुखणंखुपणं बघतात. त्यांनी हिला विचारलं, काय काम शिकशील? शिवण होतं, सायकलदुरुस्ती होती, रोपवाटिका होती. ही म्हणाली, "त्या पावाच्या दुकानात ठेवा." बाई आमच्याकडे विचारायला आल्या. आमचे हे लगेच म्हणाले, "येऊ दे की. पिठाला काय, मळणारा हात मिळाला म्हणजे झालं." मी देवापुढे दिवा लावला, क्षणभर डोळे मिटले आणि मान डोलावली.

पहिल्या दिवशी ती आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. जरा कुठे खुट्ट झालं की गर्रकन वळायची. झाकण पडलं, वळली. मांजर आलं, वळली. ह्यांना शिंक आली, आणि ह्यांची शिंक म्हणजे छपराचे पत्रे हलतात, तेव्हा ती वळून थेट पिठाच्या पोत्यांमागे.

"अरे, ही तर भिंगरी आहे!" हे म्हणाले.

मला वाटलं, पोरीला राग येईल. पण संध्याकाळी केंद्रातल्या बाई न्यायला आल्या तेव्हा तिनंच त्यांना सांगितलं, "मला इथं भिंगरी म्हणतात." डोंगरात तिला काय नाव दिलं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. भिंगरी म्हणजे भिंगरी.

ह्यांच्यापुढे ती ताठ उभी राहून 'साहेब' म्हणायची. "साहेब, पाणी पिऊ?" "साहेब, बसू?" हे हैराण.

"साहेब कुणाला म्हणतेस गं? साहेबाला खुर्ची असते. मला हिनं लग्न झाल्यापासून साधं स्टूल दिलेलं नाही."

तिला हसावं की नाही ते कळेना. त्यालाही परवानगी मागते की काय, असा चेहरा करून उभी.

"हस, हस," हे म्हणाले. "हसण्यात पीठ खर्च होत नाही."

पोरगी आमच्याकडे टिकली, त्याचं श्रेय मात्र माझ्या सासूबाईंना. त्या आता नाहीत, पण बेकरी त्यांनी उभी केलेली. भट्टी आणि पीठ मळायची लाकडी काथवट यांच्यामधली वाट इतकी चिंचोळी की दोन माणसं एकमेकांना घासल्याशिवाय जात नाहीत, त्यात हातात तापलेले पत्रे. म्हणून त्यांनी एक नियम घालून दिला होता. कुणाच्याही पाठीमागून जायचं तर आधी "मागून!" असा आवाज द्यायचा. घरचा असो, दारचा असो, जावई असो. आमच्याकडे पहाटेपासून "मागून! मागून!" चाललेलं असतं. नव्या गिऱ्हाईकाला वाटतं, आत भांडण पेटलंय.

यात पंचाईत होती ती माझी. आवाज चढवायचा नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. मी "मागून" म्हटलेलं मलाच ऐकू यायचं नाही. दोन-तीनदा भाजल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू दिवसभर देवाचं नाव पुटपुटतेसच ना? मग ते जरा ओठांबाहेर येऊ दे. त्यावरून कळेल आम्हाला." तेव्हापासून माझा जप हेच माझं "मागून".

भिंगरीनं हे सगळं न सांगता टिपलं. आधी भिंतीशी उभं राहून पीठ मळायची, मग भिंत आणि ती यांच्यात एक हात अंतर पडलं, मग दोन हात. एके दिवशी मळता मळताच मला म्हणाली, "मावशी, इथं कुणी गुपचूप मागून येत नाही."

"तापलेला पत्रा असतो ना गं हातात."

"असू दे. पण येत नाही."

त्याच आठवड्यात केंद्रातल्या बाई डोकावल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. भिंगरी काथवटीवर वाकलेली होती, कोपरापर्यंत पिठात. बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिची पाठ दाराकडे आहे." मला वाटलं, आमचं काही चुकलं. बघते तर बाईंचे डोळे भरून आलेले आणि चेहरा हसरा.

"आम्ही वर्षभर यासाठी धडपडतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत?"

"आम्ही काही नाही केलं. सासूबाईंनी केलंय."

"कुठे आहेत त्या?"

मी वर बोट दाखवलं. बाईंनी माळ्याकडे बघितलं.

असं सगळं बरं चाललं होतं. अडलं होतं ते आजोबांपाशी. ते बाजाराच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. छत्र्या दुरुस्त करायचा त्यांचा धंदा, गुडघे गेल्यापासून घरातच बसून करायचे. खाली उतरणं बंद. नात परत आली आहे हे त्यांना माहीत होतं. केंद्राची गाडी तिला तिकडे न्यायला तयार होती, पण ती बसेना. "पाव घेऊन चालत जायचं. तसंच ठरलंय," एवढंच म्हणायची. आणि बाजाराच्या तोंडाशी गेली की तिचे पाय थिजायचे. फोन लावून दिला तर कानाला धरून नुसती श्वास घेत बसायची. पलीकडे आजोबाही काही बोलायचे नाहीत. दोघं एकमेकांचा श्वास ऐकायची आणि फोन ठेवायची.

बोलायचे ते आमच्या दूधवाल्याबरोबर. तो पहाटे त्यांच्याकडे दूध घालून मग आमच्याकडे यायचा, आणि दुधाच्या आधी निरोप उतरवायचा. हुबेहूब त्यांच्या आवाजात.

"बेकरीवाल्यांना सांग, एक पाव द्यायला आठ वर्षं लावतात. असा कुठं धंदा असतो का?"

"सांगा त्यांना, भट्टी तापायला वेळ लागला," हे उलट निरोप द्यायचे.

भिंगरी खाली मान घालून पीठ मळायची. पण दूधवाला यायच्या वेळेला ती हमखास दारापाशीच असायची.

आमच्या समोर शिंपीणकाकूंचं दुकान. जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. डोंगरातली माणसं बाजारात शिरली त्याच दिवशी त्यांचं दुकान जळालं होतं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांसकट. भिंगरी आमच्याकडे आल्यापासून काकूंनी पाव घ्यायचं सोडलं नाही, पण अट घातली. "पाव तुझ्या हातचा दे हो. त्या पोरीचा हात लागलेला नको." मी बरं म्हणायची. खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम, त्यामुळे मी त्यांच्यासाठी खरंच वेगळं पीठ मळायची. हे म्हणायचे, "तुझ्या नेमांपायी एक दिवस मला दुसरी भट्टी बांधावी लागणार."

काकूंना तेवढ्यावरही भरवसा नव्हता. एका सकाळी खात्री करायला त्या मागच्या दारानं आत शिरल्या. पायांत मऊ सपाता, तोंडात टाचण्या, म्हणजे बोलायची सोयच नाही. हे भट्टीशी होते, मी देवापाशी. भिंगरी काथवटीवर वाकलेली. काकू तिच्या पाठीमागे आल्या आणि कुणाचं पीठ कुठलं ते बघायला तिच्या खांद्यावरून वाकल्या.

पुढचं मी ऐकलं. आधी एक धप्प, मग काहीच नाही, मग पिठातून येणारा गुडगुड आवाज.

धावत गेले तर काकू कानांपर्यंत काथवटीत, एक हात पाठीवर पिरगळलेला, आणि तो हात धरून भिंगरी. पोरीचा चेहरा कागदासारखा पांढरा झालेला. तिलाही कळत नव्हतं, आपण कुणाला धरलंय. मी जप करत करत पुढे झाले. तो आवाज कानांवर पडला तशी तिची बोटं सुटली. ती मागच्या मागे सरकत लाकडांच्या खोलीत गेली.

ह्यांनी काकूंना उपसून काढलं. पीठ चांगलं खमीर आलेलं, चिवट. नाक दिसत होतं, बाकी सगळा गोळा. टाचण्या देवाच्या दयेनं आधीच बाहेर उडाल्या होत्या.

"मारलं! मला मारलं त्या..." काकूंना तोंड फुटलं.

आणि आमच्या ह्यांनी काय विचारावं? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, लागलं का, पाणी देऊ का. हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही 'मागून' म्हणालात का?"

"काय?"

"'मागून' म्हणालात का? इथला नियम आहे."

"मी गिऱ्हाईक आहे!"

"गिऱ्हाईक पुढच्या दारानं येतं. मागच्या दारानं येणाऱ्यानं मागून म्हणायचं."

"अहो, माझ्या नाकात पीठ गेलंय!"

"आणि माझा अख्खा घाणा गेला. आता त्यात तुमच्या टाचण्या शोधायच्या."

बाहेर चार माणसं जमली होती. त्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग काकूंच्या रागाची धार गेली ती गेलीच.

मी लाकडांच्या खोलीत गेले. भिंगरी ताठ उभी, हात बाजूला चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

"शिक्षा काय?" तिनं विचारलं.

"पीठ वाया गेलं. नवं मळायचं."

"आणि?"

"आणि काकूंच्या केसांतलं पीठ सुकायच्या आत काढायला हवं. माझे डोळे आता बारीक कामाला चालत नाहीत."

तिच्या आजवरच्या हिशेबात असली शिक्षा बसत नसावी.

मी काकूंना मागच्या अंगणात बसवलं, तेलाची वाटी आणि फणी दिली आणि बाजूला भाजी निवडायचं निमित्त करून बसले. भिंगरी त्यांच्या समोर आली, मग बाजूला, आणि मग मोठ्यानं म्हणाली, "मागून!" तेव्हा कुठे त्यांच्या पाठीशी गेली. काकू दचकल्या, पण उठल्या नाहीत. उठणार कुठे, डोक्यावर निम्मा घाणा होता.

बटा एकेक करून सुटत गेल्या. पोरीचा हात हलका होता. मग काकू म्हणाल्या, "माणसाला असं पाडायला कुणी शिकवलं तुला?"

"त्यांनीच. माझ्या डोक्यानं सोडलंय, हातांनी अजून सोडलं नाही."

"माझं दुकान जाळलं, तेव्हा होतीस तू त्यांच्यात?"

माझी बोटं भाजीत थांबली.

"त्या दिवशी मला नेलं," भिंगरी म्हणाली. "इथं मी काही जाळलं नाही. नंतर दुसरीकडे जाळलंय."

काकूंच्या जिभेवर काय काय येऊन गेलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेवटी म्हणाल्या, "वेणी घट्ट घाल. मला सैल वेणी चालत नाही."

वेणी झाल्यावर त्यांनी आरशात दोन्ही बाजूंनी बघितलं, चांगली झाल्याचं कबूल करायला लागू नये म्हणून नाक मुरडलं आणि जाता जाता म्हणाल्या, "इथं ठीक आहे गं. पण उद्या बाजारात जाशील, तिथं कोण तुझ्यासाठी 'मागून' म्हणणार आहे?"

टोमणा होता, पण नेमका लागला. त्या दिवसापासून भिंगरीनं दुकानाची पुढची पायरीसुद्धा उतरायचं सोडलं. पाठ पुन्हा भिंतीला गेली. दूधवाल्यानं आजोबांचा नवा निरोप आणला, "पाव शिळा चालेल, पण या जन्मी पाठवा," तरी तिनं मान वर केली नाही. मला म्हणाली, "काकू खरं बोलल्या. मी तिथं कुणाला तरी इजा करीन. लहान मूल असलं म्हणजे?"

केंद्रातल्या बाई आल्या. त्यांनी तिला समजावलं, की बाजारातल्या सगळ्यांना बदलणं काही तुझ्या हातात नाही, पण दचकल्यावर पुढचा क्षण तुझा आहे. दचकलीस की आधी पायांचे तळवे जमिनीवर दाबायचे, श्वास सोडायचा आणि मग वळायचं, सावकाश. "रोज थोडंच जा," बाई म्हणाल्या. "आणि सुरुवातीला ओळखीचं कुणीतरी पाठीमागे असू दे."

माझा पहाटेचा एक नेम आहे. पहिला घाणा भट्टीत गेला की अनवाणी चालत बाजारापलीकडच्या देवालयात जायचं, जाता येता नामस्मरण. मी भिंगरीला म्हटलं, "मी तर जातेच. तू माझ्यापुढे चाल."

"पुढे?"

"हो. मी मागून येईन. जप चालूच असतो माझा. ऐकू येईल तुला."

पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो; तिला दुकानात सोडून मग मी देवालयात गेले. मग कोपऱ्यावरच्या धारवाल्याच्या चाकापर्यंत. मध्येच तिचे खांदे वर चढायचे, मी मणी ओढावेत तसं एकेक नाव जरा स्पष्ट घ्यायची, ते खाली यायचे. कधी मला खोकला आला आणि जप थांबला की ही जागच्या जागी उभी. "मावशी, चालू ठेवा ना." आयुष्यभर देवासाठी जप केला. माझा जप कुणी इतकं कान देऊन ऐकेल, असं वाटलं नव्हतं. देवाचं सोडून, म्हणजे.

इकडे शिंपीणकाकूंचं वेगळंच चाललं होतं. काथवटीची गोष्ट बाजारभर झाली होती. लोक विचारायचे, "काय काकू, आज पाव होऊन आलात की नुसत्याच?" काकू काय हार जाणार? त्यांनी स्वतःच तमाशा मांडला. भाजीवालीच्या पाठीमागून जाताना गळा काढून "मागून गं बाई, मागून!" फळवाल्याच्या मागून जाताना "मागून हो! नाहीतर धराल मानगूट!" बेकरीची खोड काढायची म्हणून त्या करायच्या, पण बाजाराला ते आवडलं. पोरं ओरडायला लागली, मग हमाल. हमालांच्या लक्षात आलं, की नुसतं "बाजूला व्हा" ओरडून कुणी हलत नाही, पण "मागून!" म्हटलं की माणसं हसत हसत वाट देतात. हातगाडीवाल्यांनी ते उचललं. महिन्याभरात गंमत कुठल्या कुठे गेली आणि सवय मागे राहिली. कुणी डोक्यावर टोपली घेऊन आलं की आपसूक, "मागून!"

एकदा मी काकूंना म्हटलं, "तुम्ही बाजाराला चांगली शिस्त लावलीत."

"मी? मी तर तुमची टिंगल करत होते," काकू म्हणाल्या. मग सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता, "काय, पोरगी कुठवर पोचली?"

ती पोचली होती पाण्याच्या नळापर्यंत, म्हणजे निम्म्या वाटेवर. नळाशेजारी एक बुटकी भिंत आहे, लोक ओझं टेकवतात तिच्यावर. तिथं मात्र ती रोज अडायची. तळवे दाबून झाले, श्वास सोडून झाले, माझा जप करून झाला, पाऊल पुढे पडेना. शेवटी एके सकाळी ती त्या भिंतीवर बसली आणि मला शेजारी बसायला सांगितलं.

"त्या दिवशी मी इथं बसले होते," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ सरकले.

"टोक खायला. आजोबांनी सांगितलं होतं, वाटेत खाऊ नकोस. पण पाव गरम होता, टोक असं कुरकुरीत. म्हटलं, एवढंसं खाऊ. बसले नसते तर ती माणसं यायच्या आत घरी पोचले असते, मावशी. मला टोक खायचं होतं म्हणून हे सगळं झालं. आता पाव घेऊन गेले आणि त्यांनी विचारलं, इतकी वर्षं कुठं होतीस, तर मी काय सांगू? टोक खात होते?"

आठ वर्षं हे ओझं त्या पोरीनं उचललेलं. मला खूप काही बोलावंसं वाटलं. पण माझ्या शब्दांनी ते उतरणारं नव्हतं, हेही कळत होतं. ज्यांनी सांगितलं होतं, त्यांनीच काय ते बोलायला हवं होतं.

"दूधवाल्याबरोबर आजोबांना कळवू?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्याला सगळं नीट सांगितलं. तो जन्माचा वाचाळ माणूस, पण त्यानं एक अक्षर काढलं नाही, नुसता कॅन उचलून गेला. त्याच्या पुढच्या सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर आला. कॅन खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, जणू त्याच्याऐवजी दुसरंच कुणी बोलणार होतं. भिंगरी काथवटीशी उभी. ह्यांनी भट्टीचं दार लोटलं.

दूधवाल्यानं आवाज काढला. जाडसर, थोडा नाकातला.

"तिला सांग, टोक तिचंच होतं. मी रोज ओरडायचो आणि ती रोज खायची. न कुरतडलेला पाव माझ्या घरी कधी आलेलाच नाही. आला असता, तर पोरीला ताप आहे समजून मी डॉक्टरकडे पळालो असतो."

दूधवाल्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा सुरू झाला.

"तिला सांग, ती बसली म्हणून माणसं आली नाहीत. माणसं आली ती त्यांच्या पापानं आली. आणि हे पण सांग, आता दोन्ही टोकं शाबूत असलेला पाव आणलास, तर मी दार उघडायचा नाही. म्हणेन, ही माझी नात नव्हे."

भिंगरीनं पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं. हात खाली आले तेव्हा सगळा चेहरा पांढरा, फक्त डोळ्यांखाली दोन ओल्या वाटा. आणि ती हसत होती. परवानगी न मागता.

"काका," ती ह्यांना म्हणाली, "पाव कधी निघेल?"

साहेबाचे काका झालेले ऐकून ह्यांना शिंकच आली. छप्पर हललं. भिंगरी नुसती डोळे मिचकावून उभी राहिली.

पाव निघाला. लांबट, तांबूस, दोन्ही टोकं करकरीत. ह्यांनी चार पावांतून निवडून दिला, वर म्हणाले, "आजोबांना सांग, उशीर झाला, पण माल गरम आहे." मी स्वच्छ फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि सवयीनं चपला बाजूला काढून ठेवल्या, तिच्या मागे निघायला.

तिनं माझ्या दंडाला हात लावला. "मावशी, आज मागून नको."

"एकटी जाशील?"

"जाते. तुम्ही नाव घ्या हवं तर. पण इथं बसून."

मी पायरीवर बसले. माझा पहाटेचा देवालयाचा नेम त्या दिवशी पहिल्यांदा चुकला. देवाला कळलं असेल.

ती पायरी उतरली. समोर शिंपीणकाकू दुकानाची फळी काढत होत्या. त्यांनी हातातली फळी तशीच धरून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वेणी सैल झालीय," म्हणाल्या. तिला उभी केली, "मागून!" असं खणखणीत म्हणून तिच्या पाठीशी गेल्या आणि दोन झटक्यांत वेणी आवळून दिली. "हं. जा आता."

भिंगरी गल्लीच्या तोंडाशी पोचली. बाजार जागा झाला होता. तेवढ्यात कोबीनं भरलेली हातगाडी तिच्या पाठीशी आली आणि गाडीवाला ओरडला, "मागून!"

माझ्या ओठांवरचं नाव थांबलं.

ती वळली नाही. तिचे पाय जमिनीवर घट्ट दाबलेले मला पायरीवरून दिसले. ती एक पाऊल बाजूला झाली, गाडी जाऊ दिली, गाडीवाल्यानं हात वर केला, तिनंही केला.

मग तिनं फडक्याचं एक टोक उलगडलं, पावाचं टोक मोडलं, तोंडात टाकलं आणि चावत चावत चालू लागली.